इंजिनाने धरलेली हवा

करंजाला आपल्याकडे मोठा मान असा कधी मिळाला नाही. आंब्याच्या मोहोराचे कौतुक झाले, पळसाच्या फुलांचे झाले. करंजाच्या वाट्याला आजीच्या कपाटातली खरजेवरच्या तेलाची बाटली आणि गुराख्याचे दातवण एवढेच आले. आमच्या हैदराबादेत हे झाड रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावतात. तेलुगूत त्याला कानुग म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी वठल्यासारखे दिसणारे झाड आठ-दहा दिवसांत पोपटी होऊन जाते, आणि चपट्या शेंगा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली करकरत राहतात. आमच्या शाळेच्या कुंपणालगत अशी दोन झाडे आहेत. त्यांच्या शेंगा झाडूवाली बाई रोज लोटून नेते. या शेंगांतले बी घाण्यात घातले तर साधारण चार किलो बियांना एक किलो तेल पडते. ते कडवट, उग्र वासाचे आणि पिवळसर-तांबूस रंगाचे असते. खाण्याच्या उपयोगाचे नव्हे. पूर्वी खेड्यांतून ते दिव्यात जाळीत असत.

या तेलाविषयी लिहिण्यास निमित्त झाले ते एका वाचक भगिनीच्या पत्राचे. या बाई आदिलाबादकडच्या. १९५६ साली राज्यांची नव्याने आखणी झाली तेव्हा त्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे मुंबई राज्यात गेले, आणि बाकीची मराठी घरे अलीकडे राहिली. नकाशावर रेघ ओढली गेली, पण घरातली मराठी काही पुसली गेली नाही, हे बाईंच्या वळणदार अक्षरांवरून सहज दिसत होते.

पत्रातील हकिकत थोडक्यात अशी. त्यांच्या शेतातील विहिरीवर पाच अश्वशक्तीचे जुने डिझेल इंजिन आहे. विजेचा भरवसा नसल्याने ते अद्याप कामात आहे. त्यांच्या थोरल्या दिरांचा मुलगा आय.टी.आय. होऊन घरी बसलेला. त्याने खटपट करून हे इंजिन करंजाच्या तेलावर चालविले. वरच्या टाकीत डिझेल ठेवले, शेजारी पाच लिटरचा डबा करंजतेलाचा ठेवला, आणि दोहोंच्या मध्ये तीन तोंडांचा कॉक बसविला. इंजिन डिझेलवर सुरू करावयाचे, तापले की कॉक फिरवून तेलावर घ्यावयाचे. पहिल्या दिवशी पाणी पाटात आले तेव्हा सारे गाव पाहायला जमले. शेजारच्या वस्तीवरील सात-आठ बायका बी वेचून आणू लागल्या. त्यांना किलोमागे रोख पैसे मिळू लागले.

पण इंजिन दोन-अडीच तास चालावयाचे आणि मग धापा टाकू लागावयाचे. फेरे कमी-जास्त होत, ठसके येत आणि इंजिन बंद पडे. मुलगा तासभर पान्हे घेऊन झटे, डबा पुन्हा भरी, मग पुन्हा दोन-अडीच तास चाले. असे पंधरा दिवस झाले. मिरचीचे पाणी दोनदा चुकले. तेव्हा मामंजींनी निकाल दिला की हे इंजिन तेल घेत नाही. यापुढे त्यात डिझेलशिवाय काही घालावयाचे नाही, आणि बी विकत घेणे बंद. बायका दोन टोपल्या घेऊन आल्या होत्या, त्या परत गेल्या. मुलगा आता हैदराबादेत येऊन घरोघर पार्सले पोहोचविण्याची नोकरी धरतो म्हणतो. बाईंनी शेवटी विचारले होते, "गुरुजी, इंजिन तेल घेत नाही हे खरे आहे काय? खरे असेल तर आमची तक्रार नाही. पण खोटे असेल तर मुलाच्या माथी उगाच अपयश बसू नये."

आम्ही मराठीचे शिक्षक. अलंकार ओळखावेत, इंजिने आमच्या ओळखीची नव्हेत. तरीही प्रश्न असा होता की 'तज्ज्ञांना विचारावे' असे दोन ओळींचे उत्तर लिहून मोकळे होणे आम्हांस बरे वाटेना. म्हणून पत्र खिशात घालून आम्ही सिकंदराबादेत राणीगंजच्या एका बोळात गेलो. तेथे पंप आणि इंजिने दुरुस्त करणारे एक वृद्ध उस्ताद आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचे दोन नातू आमच्या शाळेत शिकून गेले. आम्ही पत्र वाचून दाखविले. डबा पुन्हा भरला की चालते, या वाक्यापाशी त्यांनी हात वर करून आम्हांस थांबविले आणि विचारले, "डब्बा किधर रक्खे?" मुलाने फोनवर छायाचित्र पाठविले. डबा इंजिनाच्या पायावरच, सायलेन्सरला लागून ठेवला होता, ऊब मिळावी म्हणून. उस्तादांनी चष्मा सरकवून ते पाहिले आणि म्हणाले, "डब्बा खाली होते जा रा, इंजन हवा खाते जा रा. तेल कू कायकू गाली देते, मास्टरसाब?"

हवा खाणे, हवा धरणे हा शब्द विहिरीवरच्या पंपाच्या संबंधाने आपल्या सर्वांना ठाऊक आहे. डिझेल इंजिनाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे आम्हांस त्या दिवशी नीट समजले, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला दाबून तिचे आकारमान सोळा-सतराव्या हिश्श्यावर आणतो. तेवढ्याने हवा पाचशे अंशांहून अधिक तापते, आणि तीत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हा फवारा सोडण्याचे काम एक लहानसा पंप करतो. त्याचे प्रमाण मोठे नवलाचे आहे. मिनिटाला पंधराशे फेरे घेणारे, तासाला सुमारे लिटरभर तेल पिणारे इंजिन घ्या. ते दर दोन फेऱ्यांत एकदा तेल घेते. म्हणजे तासाला पंचेचाळीस हजार वेळा. लिटरला तेवढ्याने भागले तर एका वेळेचा घास येतो सुमारे बावीस घन मिलिमीटर, म्हणजे डोळ्यात घालावयाच्या औषधाच्या थेंबाचा निम्मासुद्धा नाही. हा अर्धा थेंब सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने नोझलची तोंडे उघडून आत शिरावयाचा असतो.

आता सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दांडा दाबा. दांडा आत जातो आणि सोडला की उसळून परत येतो. बाहेर काहीच जात नाही. तोच पंप पाण्याने भरून दाबून पाहा, दांडा तसूभर हलणार नाही. तेल दबत नाही, हवा दबते. सगळे मर्म येथे आहे. तेलाच्या वाटेवर मोहरीएवढा हवेचा बुडबुडा आला की पंपाचा दांडा त्याला दाबतो, तो दबतो, दांडा मागे आला की तोही फुगून जागच्या जागी बसतो. नोझल उघडतच नाही. गंमत अशी की सिलिंडरात जिच्यावाचून इंजिनाचे चालत नाही, तीच हवा तेलाच्या नळीत आली की इंजिन गप्प होते.

डिझेलवर चालणाऱ्या इंजिनातही टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला की हवा शिरतेच. पण डिझेल पातळ असते. करंजाचे तेल साध्या हवामानात डिझेलच्या सुमारे दसपट दाट. दाट तेलात बुडबुडा त्याच हिशेबाने सावकाश वर चढतो. डिझेलमध्ये जो बुडबुडा मिनिटात निघून जाई तो या तेलात दहा मिनिटे रेंगाळतो, आणि उतावळ्या माणसाने मध्येच स्क्रू आवळला की आतच राहतो. शिवाय फिल्टरमधून दाट तेल ओढताना पंपाला जोर अधिक लागतो.

आणि डब्याचे गूढ असे. डबा भरलेला असेतो तेलाची पातळी पंपाच्या वर असे. तेल आपल्या वजनाने खाली येई. दोन-अडीच तासांत पातळी पंपाच्या खाली गेली की पंपाला तेल ओढून घ्यावे लागे. तेल वरून येत असताना सांध्यात फट असेल तर तेथून तेल ठिबकते आणि आपल्याला दिसते. तेल ओढले जात असताना त्याच फटीतून बाहेर काही येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, इंजिन बंद, आणि दोष जातो तेलाच्या माथी! मुलाने जोडलेली नळी रबराची होती. रबराला वनस्पतितेल मानवत नाही; ते फुगते, मऊ पडते आणि पट्टीखाली सैल होते. फट तेथेच होती.

उस्तादांनी मग दुकानातल्या एका जुन्या इंजिनावर हवा काढण्याचा सारा विधी आम्हांस करून दाखविला. विधी हाच शब्द त्याला शोभतो. प्रथम फिल्टरच्या डोक्यावरचा लहान स्क्रू दोन आटे सैल केला. फस् करून फेस आला. ते स्वस्थ बसून राहिले. फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुड्यांची तार झाली, आणि मग अखंड, काचेसारखी धार लागली. धार चालू असतानाच त्यांनी स्क्रू आवळला. धार थांबल्यावर आवळला तर जाता जाता हवा पुन्हा आत ओढली जाते. तेच पुढे पंपाच्या स्क्रूपाशी केले. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळीचा नट सैल करून, झडप उचलून धरणारी खिट्टी वर करून त्यांनी हँडल फिरविले. आधी थुंकी टाकल्यासारखे तेल आले, मग प्रत्येक फेऱ्याला एक स्वच्छ उमाळा येऊ लागला. नट आवळला, पुन्हा हँडल फिरविले आणि त्यांनी मान तिरपी करून कान दिला. नोझलमधून कर्र कर्र असा बारीक आवाज आला. "बोल रा," ते म्हणाले. आम्हांस आमच्या तंबोरा लावणाऱ्या मामांची आठवण झाली. त्यांचीही मान अशीच तिरपी होत असे.

एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली, ती आम्हीही येथे बजावतो. आत जोडलेले नसलेले, उघडे नोझल फवारत असताना त्यापुढे हात धरू नये. त्या दाबाचे तेल कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आतले मांस नासते. असे झाल्यास घरगुती लेप न लावता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

आमच्या वाचक भगिनीस आम्ही उस्तादांचे म्हणणे जसेच्या तसे कळविले. डबा पंपापेक्षा हातभर उंच, लोखंडी मांडणीवर ठेवावा. ऊब हवी तर डबा सायलेन्सरजवळ न आणता तांब्याची नळी जवळून न्यावी. मात्र नळीला मध्येच उंटाच्या पाठीसारखा उंचवटा नको, तेथे हवा दबा धरून बसते. रबर काढून तेल सोसणारी नळी घालावी, आणि कॉकच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडावी, म्हणजे बुडबुडा डोळ्यांना दिसेल. सर्वांत महत्त्वाचे, तेलाच्या बाजूची हवा कॉकपर्यंत आधीच काढून ठेवावी. इंजिन डिझेलवर चालू असते तेव्हा पंप आणि नोझल भरलेलेच असतात. कॉक फिरविताना तेलाच्या नळीतील रिकामी जागा पुढे ढकलली गेली, तर चालते इंजिन हवा धरते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. डब्याच्या बुडाशी बोटभर तेल उरेतो इंजिन चालले होते. पण एके दिवशी पारदर्शक नळीत पुन्हा बुडबुडे दिसले, आणि सांधा तर एकही सैल नव्हता! तेव्हा बाईंनीच तोड काढली. घाण्याच्या तेलात पाण्याचा अंश असतो. तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, आणि वाफेचा बुडबुडा हवेच्या बुडबुड्याहून वेगळा ओळखू येत नाही. त्यांनी तेलाचे दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाकले, ते तडतडले. तेल आठवडाभर पिंपात निवळत ठेवून, वरचे काढून, कढईत उकळून घेतल्यावर तव्यावर गप्प राहिले आणि इंजिनातही. इतकी वर्षे फोडणी करणाऱ्या बाईला जे सुचले ते आय.टी.आय.च्या पुस्तकात असते की नाही कोण जाणे. मामंजींनी हंगाम संपेपर्यंत परवानगी दिली आहे आणि बी घेणे पुन्हा सुरू झाले आहे. मुलाचा नोकरीचा अर्ज मात्र अजून मागे घेतलेला नाही.

या विषयावर बोलणारे बहुधा डिझेलसाहेबांचा दाखला देतात आणि त्यांनी आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच घडविले होते असे ठोकून देतात. ते बरोबर नाही. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वी झाले ते खनिज तेलावर. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालविले, तेही फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून; आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक होता. इंजिनात काही फेरफार केला नव्हता, आणि ते इतके सुरळीत चालले की पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तेल निराळे असल्याचे समजले, असे पुढे स्वतः डिझेल यांनीच नमूद केले आहे. पण एक बारकावा सांगितला जात नाही. त्या काळच्या इंजिनात तेल फवारण्यासाठी दाबलेली हवाच वापरीत. हवेवाचून नुसत्या तेलाच्या दाबाने फवारणारे पंप बॉश कंपनीने १९२७ पासून मोठ्या संख्येने काढले, आणि त्यानंतर लहान इंजिने शेताच्या बांधापर्यंत पोहोचली. हवा काढण्याचा हा विधीही त्यांच्याबरोबरच आला. आपल्याकडे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या यंत्रांबरोबर तो खेडोपाडी गेला.

करंजतेलाचा आपल्या भागाशी संबंध याहून जवळचा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातील खेड्यांत होंगेच्या, म्हणजे करंजाच्याच, तेलावर इंजिने चालवून दाखविली. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील पॉवरगुडा नावाच्या आदिवासी वस्तीतील बायकांच्या बचतगटांनी करंजाची झाडे लावली आणि तेल काढण्याचे काम हाती घेतले. आमच्या हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे १९७२ पासून असलेली इक्रिसॅट ही संशोधनसंस्था त्यांच्या पाठीशी होती. दहा वर्षांत ५१ टन करंजतेल डिझेलची जागा घेईल आणि त्यामुळे १४७ टन कार्बन डायऑक्साइड आकाशात जाण्याचे वाचेल, असा हिशेब मांडला गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेमुळे झालेल्या धुराची भरपाई म्हणून जागतिक बँकेने त्या बचतीचे ६४५ डॉलर या बायकांना दिले. विमानाने परिषदेस गेलेल्या विद्वानांचे पाप करंज वेचणाऱ्या बायकांनी धुतले, असे आमच्या शाळेतील एक सहकारी म्हणतात. आम्ही इतके तिखट म्हणणार नाही. पैसे त्यांच्या हक्काचे होते आणि त्यांना मिळाले, हे चांगलेच झाले.

मात्र त्याच २००३ साली देशभर मोगली एरंडाचा गाजावाजा सुरू झाला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य ठरले. मैलोगणती रोपे लागली. अपेक्षेइतके बी काही आले नाही आणि लक्ष्य कागदावर राहिले. आम्हांस खटकते ते हे की झाडांची, टनांची, टक्क्यांची गणती होते, पण तेल वापरावयाचे ते इंजिन चालू ठेवणाऱ्या माणसाला कोणी मोजत नाही. एका गावात एक जरी माणूस शांतपणे बसून अखंड धारेची वाट पाहणारा असला तर इंजिन चालते. तो नसला, किंवा शहरात पार्सले वाहायला गेला, की 'इंजिन तेल घेत नाही' हा निकाल ठरलेलाच.

येथे एक खुलासा. वर सांगितले ते कच्चे तेल सरळ वापरण्याविषयी. तेलावर मिथेनॉल आणि क्षाराची क्रिया करून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढतात आणि पातळ इंधन बनवितात, ते बायोडिझेल निराळे. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी चालविली ती डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळून. घरच्या घरी मिथेनॉल हाताळण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. ते विषारी आहे आणि भडकनही पेट घेते.

कच्चे तेल वापरणाऱ्याने इंजिन बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे कॉक डिझेलकडे फिरवावा, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये रात्रभर डिझेल राहील. करंजतेल राहिले तर ते थंडीत घट्ट होते, कालांतराने चिकटते, आणि सकाळी हँडल मारणाऱ्याचा खांदा निखळतो. सांधा उघडला की तांब्याचे वायसर नवे घालावे. फिल्टर डिझेलच्या मानाने लवकर बदलावा लागतो, त्याचा खर्च धरावा.

हे परवडते का, असे अनेकजण विचारतील. हिशेब साधा आहे. एक लिटर तेलासाठी सुमारे चार किलो बी, त्यात घाण्याची मजुरी आणि फिल्टरचा वाटा मिळवावा. उरलेली तीन किलो पेंड जनावरांना चालत नाही, पण शेताला खत म्हणून चांगली. तिची किंमत वजा करावी. येणारा आकडा त्या दिवशीच्या डिझेलच्या भावापेक्षा कमी असेल तर तेल घालावे, नसेल तर त्या हंगामापुरते डिझेल घालावे आणि तेल पिंपात झाकून ठेवावे. आमच्या वाचक भगिनीच्या घरी ही वही आता त्यांच्याकडेच आहे. बियांचा भाव ठरविताना वस्तीवरच्या बायकांपैकी दोघींना समोर बसवितात, असे त्यांनी कळविले आहे.